एवाल्टचं जॅकेट

आमच्या शेजारच्या घरात, जिन्याच्या वरच्या खोलीत, शिंप्याचा एक पुतळा उभा असायचा. डोकं नाही, हात नाहीत, खाली लाकडी तिकाटणं. अंगावर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या जर्मन शिपायाचे कपडे, उन्हाने उडून मळकट वाळूच्या रंगाचं झालेलं सुती जॅकेट, तशीच विजार, कॅनव्हासचे उंच बूट, आणि मानेच्या ठोकळ्यावर टोपी. खोलीचा पडदा उघडा राहिला की आमच्या स्वयंपाकघरातून तो दिसायचा. नवा पोस्टमन आला की महिना-दोन महिने तरी त्याला लांबूनच हात करायचा.

घर होल्टकांप लोकांचं. खालच्या मजल्यावर आल्वीनेमावशी, वर तिचा मुलगा हार्टमुट आणि सून रोझवीटा. हार्टमुट नळजोडणीची कामं करायचा. पुढे पाठ गेली तेव्हा दुकान विकून घरी बसला. रोझवीटा बेकरीच्या गल्ल्यावर. ती म्हणायची, "आमच्या घरात बायका दोन आणि पुरुष दीड. त्यातला अर्धा वर उभा असतो. तोच काय तो कमी त्रास देतो."

हे कपडे जमवणं हार्टमुटने पंचविशीत सुरू केलं. आधी जुन्या बाजारातून एक टोपी आणली, मग पट्टा, मग बूट. सगळं वाळवंटातलंच. रशियाच्या थंडीतले लोकरीचे कोट कोणी फुकट दिले तरी घ्यायचा नाही. त्याला सैन्याचं प्रेम होतं असं नव्हे. जमवणाऱ्यांच्या बाजारात टक्कल केलेली नवनाझी पोरं येऊन कपड्यांवरच्या गरुडाच्या चिन्हावरून बोटं फिरवायला लागली की हा तोंडावर सांगायचा, "हात बाजूला घे. तुला विकायला नाही हे." त्याला हवं होतं ते वेगळंच. मावशीच्या बैठकीत कपाटावर त्याच्या बापाचा फोटो होता. एवाल्ट होल्टकांप, उन्हात डोळे बारीक करून हसणारा, अंगात ते जॅकेट. छातीवर चुणी घातलेले दोन मोठे खिसे, त्यांच्या झाकणांना कमानीसारखी टोकं. हार्टमुट दोन वर्षांचा असताना हा माणूस ट्युनिसियात बेपत्ता झाला. मुलाला त्याची आठवण नाही, आणि जगात कुठेही त्याचं थडगं नाही. आधी हार्टमुट फोटोतल्यासारखी एकेक वस्तू शोधत होता. वय वाढलं तसं त्याला तेवढं पुरेना. बापाच्या अंगावरचं तेच जॅकेट कुठेतरी असणार, कोणा इंग्रजाने नेलं असेल, कोणा अरबाने विकलं असेल, ते फिरत फिरत एक दिवस बाजारात येणार, असं तो अगदी शांतपणे बोलायचा. उद्या पाऊस येणार म्हणावं तसं.

ते येणार नव्हतं. का येणार नव्हतं, हे फक्त आल्वीनेमावशीला माहीत होतं.

मावशी लहानपणापासून तागाच्या गिरणीत. कापड बोटांत धरलं की डोळे मिटून सांगायची, किती धुण्यांचं आहे. सुतार असलेल्या एवाल्टशी लग्न झालं तेव्हा लढाई सुरू झालेली होती. बेचाळीसच्या शरद ऋतूत तो काविळीने पिवळाधमक होऊन रजेवर आला. आफ्रिकेतून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कावीळ असायची. बरा होऊन निघाला तेव्हा त्याला डेपोतून नवे कपडे मिळाले, आणि जुनं जॅकेट, फोटोतलं, मावशीकडे दाराच्या खिळ्याला राहिलं. तो गेला तो गेलाच.

अठ्ठेचाळीस सालच्या ईस्टरनंतर हार्टमुट पहिलीत जाणार होता. तेव्हा दुकानात कापड म्हणून नव्हतं. मावशीने नखांच्या कात्रीने जॅकेटवरचा गरुड उसवला, गावातल्या रंगाऱ्याकडून ते गडद निळं करून आणलं, आणि मुलाला अर्धी चड्डी शिवली. त्या वर्षी पहिलीत बसलेली निम्मी पोरं बापाच्या नाहीतर काकाच्या गणवेशात होती. रंगारीही एकच, त्यामुळे सगळी निळी. छातीचा एक खिसा मावशीने झाकणासकट तसाच मांडीवर येऊ दिला. खिसा उसवून पुन्हा लावायचं तिच्या जिवावर आलं. त्या चड्डीत हार्टमुट वर्षभर गिरणीमागच्या कोळशाच्या ढिगावरून घसरला आणि ती संपली. उरलेल्या तुकड्याने मावशीने फरशी पुसली.

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण पोरगं नऊ वर्षांचं झालं तेव्हा एक दिवस बटाटे सोलत असलेल्या आईला त्याने विचारलं, "बाबा मेले तेव्हा त्यांनी काय घातलं होतं?"

"फोटोत आहे ना, तेच," मावशी म्हणाली. पोराने ओसरीवर जाऊन खेळावं आणि तिला बटाटे सोलू द्यावेत, एवढंच तिला हवं होतं. ते वाक्य तिने पुन्हा कधी बदललं नाही. मुलगा मोठा झाला, टोप्या आणि पट्टे आणू लागला, खोली भरली, पुतळा आला. मग बदलायचं कसं?

हार्टमुट नऊ-दहा वर्षांचा होता त्या सुमाराला मावशीकडे ब्रेडच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर येत असे. लग्न केलं असतं तर सरकारकडून मिळणारं विधवेचं पेन्शन बंद झालं असतं, म्हणून तसेच राहिले. त्या काळात आमच्याकडे बऱ्याच घरांत असा एखादा काका असायचा. हार्टमुटने त्याच्या बुटांत ओली राख भरून भरून त्याला घालवला. मावशीने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "बिचारा चांगला होता. पण कपाटावरचा तो दुसरा हसत बसायचा ना सारखा. त्याच्यापुढे कोण टिकणार?"

मी हे बरंचसं ऐकलं ते मावशीला दर गुरुवारी केस सेट करायला गाडीने न्यायचे तेव्हा. तिने ऐंशी ओलांडली होती, पण डोकं लख्ख. हातात पर्स धरून पुढच्या सीटवर बसायची आणि गावातल्या प्रत्येक घराच्या पडद्यांवर मत द्यायची.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या शरद ऋतूतली. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे आलुबुखारचा केक घेऊन गेले होते. मावशीच्या स्वयंपाकघरात रोझवीटा कॉफी गाळत होती. हार्टमुट सकाळपासून बाजाराला गेला होता. कुठल्याशा शहरात एका हॉलमध्ये हे जमवणारे लोक टेबलं मांडतात, आणि कायद्याच्या धाकाने गरुडाच्या नख्यांतल्या नाझी चिन्हावर पांढऱ्या कागदाची गोल चिकटपट्टी लावतात. रोझवीटा म्हणायची, "किराणा दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या असतात ना, तस्सं."

हार्टमुट आला तो कोट न काढता, बूट न पुसता सरळ आत आला. काखेत टिश्यू कागदात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावरच्या बशा त्याने कोपराने बाजूला सारल्या आणि कागद उलगडला. तसंच जॅकेट, चुणी घातलेले खिसे, कमानीची झाकणं. कॉलर उलटी करून त्याने आईपुढे धरली. आतल्या कापडावर जांभळट काळ्या शाईत शिक्का होता, होल्टकांप ए.

"आई," तो म्हणाला. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस, माझ्यासमोर खुर्चीत बसून रडायला लागला.

रोझवीटाने विचारलं, "कोणाकडून आणलंस?"

"बोडोकडून."

बोडो हा त्यांच्यातला मोठा व्यापारी. हार्टमुट काय शोधतोय, कोणाचं नाव शोधतोय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक टेबलाला वीस वर्षं माहीत होतं. रोझवीटाने माझ्याकडे बघितलं आणि केक कापायला घेतला.

"दिव्याखाली बघितलंय मी," हार्टमुट नाक पुसत म्हणाला. या लोकांकडे एक निळा दिवा असतो. लढाईनंतरचा धागा असला तर तो त्याखाली चमकतो, जुना सुती चमकत नाही. "एक टाका चमकत नाही. जॅकेट शंभर टक्के त्या वेळचं आहे."

"आणि शाई?" रोझवीटाने विचारलं.

"शाईचं काय?"

"काही नाही. केक घे."

मावशीने चष्मा लावला. कॉलर हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला, खिशाचं झाकण वर करून पाहिलं. मग जॅकेट परत कागदावर ठेवलं.

"हं," ती म्हणाली.

हार्टमुटने त्या एका हुंकाराचा अर्थ त्याला हवा तसा घेतला. उठून त्याने आईच्या सेट केलेल्या केसांवर ओठ टेकले. असं त्याने केलेलं मी तरी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तो इथेच थांबला असता तर मावशी गप्प राहिली असती. तिने मला तसं सांगितलंही, "पुतळ्याला घालू दे की. पुतळ्याला काय फरक पडतो?" पण हार्टमुटला ते जॅकेट पुतळ्याला घालायचं नव्हतं. त्याला ते पुरायचं होतं.

चर्चमागच्या दफनभूमीत मावशीची दुहेरी जागा होती. तरुणपणीच घेऊन ठेवलेली, दोघांची म्हणून. एवाल्ट कधी येणार नव्हता; पण एकेरी जागा घेणं तिला तेव्हा बरं वाटलं नव्हतं. डाव्या अर्ध्यात बेगोनिया लावायची, उजव्या अर्ध्यात रेती. आता हार्टमुटचं म्हणणं असं की जॅकेट लाकडी पेटीत घालून डाव्या बाजूला पुरायचं, वर दगड, दगडावर बाबांचं नाव, खाली आईचं नाव आणि जन्मसाल, पुढची जागा मोकळी.

"बाबांना घरी आणतोय," तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याचे जमवणारे मित्र हादरले. असं जॅकेट जमिनीत घालायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पापच. एकाने फोनवर समजावलं, दुसरा घरी येऊन बसला. हार्टमुट हलला नाही. तीस वर्षं त्या कपड्यांवरचा धुळीचा कणही न झटकणारा माणूस आपली सगळ्यात मोलाची वस्तू किड्यांना द्यायला निघाला, तेव्हा मलाही क्षणभर त्याच्याविषयी आदर वाटला.

गावच्या पाद्रीबाई तरुण होत्या, नव्याने आलेल्या. त्या म्हणाल्या, माणूस नसेल तर दफनाचा विधी होणार नाही, पण प्रार्थना म्हणेन. फक्त एक अट. तो गरुड आणि ते चिन्ह माझ्या दफनभूमीत येणार नाही. उसवून आणा.

इथे हार्टमुटचा हात अडला. त्यांच्या लोकांत जॅकेटवरचा मूळ गरुड उसवणं म्हणजे जिवंत माणसाचं कातडं सोलण्यासारखं. ज्याला शिवण कळते तो असं करूच शकत नाही. तो जॅकेट घेऊन खाली आला.

"आई, तू उसव. तुझे हात हलके आहेत. बाबांचं तूच करायला हवं."

मावशीने जॅकेट ठेवून घेतलं.

त्या गुरुवारी गाडीत ती पडद्यांविषयी काही बोलली नाही. केस करून परत येताना दफनभूमीच्या वळणावर म्हणाली, "थांबव जरा." मी गाडी कडेला घेतली, पण ती उतरली नाही.

"त्याच्या बापाचं जॅकेट मी कापलं, पोरी. याच हातांनी गरुड उसवला, अगदी असाच. आता परत उसवायचा. माझं आयुष्य गरुड उसवण्यात गेलं म्हण."

तेव्हा तिने मला चड्डीचं सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, सांगून टाका त्याला."

"काय सांगू? ज्याला तू जगभर शोधतोस त्याच्यावर बसून तू कोळशावरून घसरलास, हे?"

"मग गप्प बसा. पुरू दे. कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "त्या खड्ड्यात शेजारी मला झोपायचंय, तुला नाही. एवाल्ट नाही तर नाही. मोकळी जागा चालली असती मला, इतकी वर्षं चाललीच की. पण कोणा परक्या बाप्याचं जॅकेट? बोडोने शिक्का मारलेलं? त्याच्याशेजारी मी शेवटच्या दिवसापर्यंत मिसेस होल्टकांप म्हणून पडून राहू?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

सोमवारी आमच्या भागात धुणं असतं. दुपारी रोझवीटा बेकरीतून येऊन माझ्या दारात उभी राहिली, चेहरा पांढरा.

"चल. आईंनी ते धुतलं."

तळघरात मावशी धुण्याच्या यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली होती. जॅकेट दोरीवर, चिमट्यांना लटकलेलं, खालच्या फरशीवर थेंब थेंब. साबणाचा वास आणि ओल्या सुताचा. उसवलेला गरुड इस्त्रीच्या टेबलावर दोऱ्यांसकट पडला होता. जमवणाऱ्यांचा पहिला नियम एकच, धुवायचं नाही. त्यातला घाम, धूळ, डाग सगळं पवित्र. हार्टमुट कधी आफ्रिकेतलं युद्ध स्वच्छ होतं असं म्हणू लागला की रोझवीटा विचारायची, "स्वच्छ होतं ना, मग एक सदरा तरी धुवायला का देत नाहीस?" आता ती ते बोलली नाही.

"आई, साठ अंशावर लावलंत?"

"साठवर. पांढऱ्या कपड्यांचंच लावलं. मळक्या अंगाने कोणी माणूस पुरतं का? धुवून, विंचरूनच पुरतात."

जिन्यावर हार्टमुटची पावलं वाजली. त्याने दोरी बघितली आणि तिथेच थांबला. ओरडला नाही. हळू हळू जवळ गेला, ओली कॉलर उलटली. नाव होतं तिथे जांभळट ढग पसरला होता, फुटलेल्या बेरीच्या डागासारखा. अक्षर एकही नाही.

"तू बाबांचं नाव धुतलंस."

"लष्कराची शाई धुण्यात जात नाही, हार्टमुट. माझ्या लग्नाच्या चादरींवर मी शाईने नाव घातलंय. एकोणचाळीस सालापासून उकळतेय त्या. वर कपाटात आहेत, जा, बघून ये. ही शाई पोरांच्या पेनातली आहे."

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

रोझवीटा म्हणाली, "हार्टमुट, बस खाली. पाठ दुखेल."

तो बसला नाही. कोपऱ्यातल्या खणातून त्याने तो निळा दिवा काढला, तळघराची बत्ती बंद केली आणि दिवा जॅकेटवर धरला. आम्हा तिघींना ते दिसलं. साबणात पांढरेपणासाठी घालतात त्या द्रव्यामुळे अख्खं जॅकेट कॉलरपासून काठापर्यंत निळसर पांढरं झळकत होतं, नवरीच्या पोशाखासारखं. आता जगातला कोणीही जमवणारा त्याला कालपरवा शिवलेलं नकली म्हणाला असता. तो दिवा धरून तसाच उभा राहिला.

मावशी अंधारातच बोलली. "ते तुझ्या बापाचं नव्हतंच. त्याचं मी कापलं. तुझी शाळेची चड्डी केली."

"खोटं."

"पहिल्या दिवसाचा फोटो जिन्यात लावलाय. जा, बघ."

तो गेला. आम्हीही मागोमाग गेलो. मावशी कठड्याला धरून, एक एक पायरी. जिन्याच्या भिंतीवर तो फोटो कायम होता. सहा वर्षांचा हार्टमुट, हातात शाळेच्या पहिल्या दिवशी देतात तो खाऊचा लांब कागदी कोन, गुडघे खरचटलेले, अंगात अर्धी चड्डी. त्याने फोटो खिळ्यावरून काढला, खिडकीपाशी नेला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. याच भिंगाने त्याने हजारो शिवणी तपासल्या होत्या. चड्डीच्या उजव्या मांडीवर एक खिसा होता, मुलाच्या मानाने फार मोठा. मधे चुणी. झाकणाला कमान.

त्याला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. आईखेरीज त्या घरात ते झाकण ओळखणारा तो एकटाच होता, आणि वर्षानुवर्षं रोज चार वेळा तो त्याच्यासमोरून जिना चढला होता.

"जॅकेटचा पहिल्या सालचा नमुना," तो म्हणाला. आवाज अगदी कामातला, बाजारात बोलतो तसा. मग भिंग खिशात ठेवलं. "त्याचं काय झालं? चड्डीचं?"

"फाटली. फरशीला घेतली."

त्याने फोटो परत खिळ्यावर अडकवला. मग म्हणाला, "शनिवारी दफन आहे. दगड कोरून झालाय. लोकांना सांगितलंय."

"कोणाचं दफन?" रोझवीटाने विचारलं. "कोणाचं रे?"

"तू त्याला कापलंस, आई. मला विचारलं नाहीस. आता मला पुरायचं ते मी पुरीन."

"सहा वर्षांच्या पोराला काय विचारायचं होतं?" मावशी म्हणाली. "उघडा जाणार होतास का शाळेत?"

त्यानंतर तो आईशी बोललाच नाही. सकाळी तिची कोळशाची बादली भरून दारात ठेवायचा, औषधं आणायचा, पण बोलायचा नाही.

शनिवारी थंडी होती, नोव्हेंबरात मृतांची आठवण करायचा रविवार असतो, त्याच्या आदल्या दिवशी असते तशी. खड्डा लहानच होता. पेटी हार्टमुटने स्वतः केलेली, पाइनची, कोपरे छान जुळवलेले. बापाचा हात उतरला असावा. जमवणारे सहा-सात जण काळ्या कोटांत आले होते, आणि त्यांच्यात बोडोही. हातात फरच्या फांद्यांचं चक्र, त्याला रिबीन. रोझवीटा त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "तुमच्या पेनाला शाई कोणती वापरता हो? आमच्या सासूबाईंना फार आवडली." त्याने चक्र दुसऱ्या हातात घेतलं आणि पाद्रीबाईंकडे बघत राहिला. त्यांनी छोटी प्रार्थना म्हटली. युद्धात मेलेल्या सर्वांसाठी, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत आणि ज्यांची नाहीत. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

माती टाकायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी लहान फावड्याने तीन तीनदा टाकली. मावशी मागे उभी होती, पर्स दोन्ही हातांत. फावडं तिच्यापर्यंत आलं, तिने ते तसंच माझ्याकडे दिलं. दगडावर एवाल्टचं नाव होतं, त्याखाली तिचं. आपलं नाव तिने वाकून वाचलं.

नंतर हॉलमध्ये कॉफी आणि लोण्याचा केक, दफनाला असतो तोच. जमवणाऱ्यांनी भरपूर खाल्ला. एक म्हातारा मला सांगत होता की आजकाल तशा जॅकेटची खरी बटणंसुद्धा मिळत नाहीत.

पुढच्या गुरुवारी मावशीने केसांची वेळ रद्द केली होती. "शहरात ने मला. नगरपालिकेच्या दफनभूमीच्या कचेरीत."

तिथे एक हिरवळ असते, निनावी लोकांची. राख जमिनीत घालतात, वर गवत. दगड नाही, नाव नाही, नेमकी जागा घरच्यांनाही सांगत नाहीत. पुरताना कोणी हजर नसतं.

"मावशी, तिथे फूल ठेवायचीही सोय नसते," मी म्हटलं.

"मला फुलं काय करायचीत? आयुष्यभर त्या रिकाम्या जागेवर फुलं लावली, कोण आलं?"

"हार्टमुटला कळलं तर?"

"मेल्यावर कळू दे. त्याला पुरायचं होतं, त्याने पुरलं. आता मला कुठे पडायचं ते मी ठरवीन." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिथे निदान सगळेच परके असतील. कोणी नवरा म्हणून शेजारी येणार नाही."

कचेरीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, घरच्यांशी बोललात का. मावशी म्हणाली, "माझ्या घरचे बोलत नाहीत." आणि सही केली. तिची सही शाळकरी मुलीसारखी होती, गोल आणि सावकाश.

फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. रोझवीटाने सकाळी कॉफी नेली तेव्हा कळलं. हार्टमुट कफनवाल्याकडे गेला, ओकची पेटी बघितली, दगडावर आईचं मरणसाल कोरायला सांगितलं, तेव्हा त्या माणसाने त्याला मावशीने सही केलेला तो कागद दाखवला. सगळं ठरलेलं होतं, बदलता येण्यासारखं नव्हतं.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला. दारातच उभा. टोपी हातात.

"गाडी तू चालवलीस."

"हो."

"कुठे आहे ती? कुठल्या बाजूला?"

"मला माहीत नाही, हार्टमुट. कोणालाच सांगत नाहीत."

"माळ्याला माहीत असेल."

"असेल. तो सांगणार नाही."

तो गेलाही माळ्याकडे, एकदा नाही, बऱ्याचदा. माळी बिचारा सभ्य माणूस. त्याला कॉफी द्यायचा आणि हवेविषयी बोलायचा. ती हिरवळ मोठी आहे. कडेने बर्चची झाडं, मधून वाट नाही. हार्टमुट काठावर उभा राहतो. गवतावर पाऊल ठेवत नाही, कारण पाऊल नेमकं कुठे पडेल ते त्याला ठाऊक नाही.

इकडे चर्चच्या दफनभूमीकडून निरोप आला की जागेचा उजवा अर्धा भाग मोकळा दिसतो, नियमाप्रमाणे काही लावा नाहीतर ताबा सोडा. दगडावर आईचं नाव आणि जन्मसाल तसंच आहे, पुढची जागा मोकळी. ते घासून काढायला कारागीर तयार आहे, पण हार्टमुट त्याला बोलवत नाही. त्याने रोझवीटाला विचारलं, "उजवीकडे काय लावू?"

"तुझ्यासाठी ठेव," ती म्हणाली.

शनिवारी जाऊन त्याने तिथे हीथर लावलं, थंडीला टिकणारं, आणि डावीकडची मेणबत्ती बदलली. दर शनिवारी बदलतो. वरच्या खोलीतला पुतळा अजून उभा आहे. त्याचं जॅकेट हार्टमुटने उतरवलंय, वर आता फक्त सदरा.

मी नवा केस कापणारा शोधते आहे, जुना फार बोलतो. परवा रोझवीटा म्हणाली, मलाही ने. गाडीत बसल्यावर तिने पर्स मांडीवर घेतली आणि सांगितलं की गेल्या महिन्यात ती बसने शहरात जाऊन त्या हिरवळीत आपलंही नाव नोंदवून आली आहे. हार्टमुटला अजून सांगितलेलं नाही.